वाटेत मोठं काम निघणार असेल, तर दुर्गम भागातला माल कसा पोचवायचा

दुर्गम भागाकडे जाणाऱ्या वाटेवर नवा पूल, बोगदा, धक्का किंवा धावपट्टी मंजूर झाली, की माझ्याकडे दोन प्रश्न लगेच येतात. भाडं किती वाढेल? आणि रस्ता कधी बंद राहील? मी मालवाहतुकीचं नियोजन करते, आणि माझं बहुतेक काम जिथे एकच रस्ता, एकच फेरीबोट किंवा आठवड्याला एकच विमान जातं अशा ठिकाणांचं आहे. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी मी तिसरा विचारते: बांधकामाचा हंगाम आणि आपल्या मालाचा हंगाम एकच आहे का?

बहुतेक वेळा तो एकच असतो. जिथे बर्फामुळे रस्ता वर्षातले चार-पाच महिनेच खुला राहतो, तिथे खोदकामही त्याच महिन्यांत होतं. जिथे समुद्र काही महिनेच शांत असतो, तिथे धक्क्याचे खांबही तेव्हाच रोवले जातात. म्हणजे कंत्राटदाराला आणि तुम्हाला तेच ट्रेलर, तेच बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी), त्याच क्रेन आणि तेच चालक त्याच आठवड्यांत हवे असतात. कंत्राटदार अख्ख्या हंगामाचं बुकिंग एकदम करतो आणि तुम्ही चार पॅलेट (फळ्यांच्या चौकटीवर रचून बांधलेला माल) घेऊन उभे असता. रस्ता एक दिवसही बंद न होता तुमचा माल मागे राहतो तो असा. या चार पॅलेटमध्ये एखाद्या दवाखान्याचं वर्षभराचं सामान असू शकतं, म्हणून हे नियोजन वेळेआधी आणि नीट व्हायला हवं असं मला फार वाटतं.

बातमीवर थांबू नका, निविदा वाचा

उद्घाटनाच्या बातमीत तुमच्या उपयोगाचं फारसं काही नसतं. निविदेत असतं. प्रत्येक मोठ्या कामाच्या निविदेला परिमाणपत्रक जोडलेलं असतं, म्हणजे किती घनमीटर काँक्रीट, किती टन पोलाद, किती खोदाई. सार्वजनिक कामाचं हे पत्रक बहुधा पाहायला मिळतं. त्यावरून त्या वाटेवर किती गाड्या वाढतील याचा अंदाज कोणालाही काढता येतो.

एक घनमीटर काँक्रीटला साधारण ३५० किलो सिमेंट आणि जवळजवळ १.८ टन खडी-वाळू लागते. काम १०,००० घनमीटर काँक्रीटचं असेल, तर सिमेंट ३,५०० टन झालं. २५ टनांच्या गाडीने १४० खेपा. खडी आणि वाळू १८,००० टन, म्हणजे आणखी ७२० खेपा. आता महत्त्वाचा प्रश्न येतो की खाण कुठे आहे? ती कामाच्या जवळ असेल तर त्या ७२० खेपा तुमच्या वाटेवर येतच नाहीत. ती फेरीबोटीच्या अलीकडे असेल तर प्रत्येक खेप तुमच्याच रांगेत उभी राहील. खाणीची जागा पर्यावरण परिणाम अहवालात सापडते. त्याच अहवालात वाहतुकीचं वेगळं प्रकरण असतं आणि रोज किती अवजड वाहनं धावतील याचा आकडाही तिथेच मिळतो. बाकीचा अहवाल वाचायला वेळ नसेल तर तेवढं प्रकरण तरी वाचाच.

धावपट्टीचं काम असेल तर विमानतळाच्या नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या तात्पुरत्या बदलांच्या सूचना, आणि वैमानिकी माहितीपत्रकाच्या पुरवण्या पाहा. बंदराचं असेल तर नाविकांसाठीच्या सूचना. या रूक्ष वाटतात, पण धावपट्टीची लांबी तात्पुरती किती कमी होणार, धक्क्याला किती खोलीचं जहाज लागू शकेल, हे त्यांतच असतं. धावपट्टी आखूड झाली की तेच विमान कमी वजन घेऊन उतरतं. विमान रद्द झालेलं नसतं, वेळापत्रकही तेच असतं, फक्त तुमची खोकी मागे राहतात.

उशीर तासांनी मोजू नका

कामाच्या ठिकाणी पाटी असते, "३० मिनिटांपर्यंत थांबावं लागेल." सरळ रस्ता असेल तर ३० मिनिटं ही ३० मिनिटंच. दुर्गम वाटेवर पुढे फेरीबोट असते, बर्फाच्या रस्त्यावरची सोडण्याची ठरलेली वेळ असते, किंवा भरतीची वाट पाहणारं बार्ज असतं. अर्ध्या तासाने फेरीबोट चुकली तर उशीर होतो तो पुढच्या फेरीबोटीपर्यंतचा.

चालकाच्या तासांचंही असंच आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला १४ तासांच्या मुदतीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि त्यानंतर सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते. युरोपीय संघात दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची सुट्टी. समजा तुमची वाट १० तासांची आहे. वाटेत दोन ठिकाणी कामं निघाली आणि प्रत्येक ठिकाणी रांगेत सरकत सरकत पाऊण तास गेला. झाले साडेअकरा तास. अमेरिकेच्या नियमाने चालकाला मुक्कामाच्या अलीकडेच थांबावं लागेल आणि दीड तासाचा उशीर साडेअकरा तासांचा होईल. नियम चालकाच्या जिवासाठी आहे, तो वाकवायचा नाही. वेळापत्रक बदलायचं. दुसरा चालक द्या, किंवा अलीकडच्या गावात मुक्काम आधीच ठरवा आणि फेरीबोटीचं बुकिंग दुसऱ्या दिवसाचं करा.

मी प्रत्येक वाटेसाठी एका कागदावर फक्त "अडकण्याच्या जागा" लिहिते: फेरीबोटीची शेवटची वेळ, एकेरी पट्टा, सुरुंगाच्या वेळा, रात्री बंद होणारा भाग, चालक कुठे थांबू शकतो. किलोमीटर त्या कागदावर नसतात. दोन अडकण्याच्या जागांमध्ये किती मोकळा वेळ उरतो तेवढंच मी पाहते, आणि तो दोन तासांपेक्षा कमी असेल तर त्या दिवशी पुढची खेप धरत नाही.

वजनाची मर्यादा वाचताना

पाटीवर किंवा सूचनेत वजन कमी केल्याचं वाचलं की लोक टक्केवारी थेट आपल्या मालाला लावतात. तसं होत नाही. थंड प्रदेशांत वसंतात जमीन वितळताना रस्ता मऊ पडतो, तेव्हा कॅनडात आणि अलास्कात एक्सलवरचं (चाकांच्या आसावरचं) वजन काही रस्त्यांवर नेहमीच्या ७५ टक्क्यांवर, तर काही ठिकाणी ५० टक्क्यांवर आणतात. समजा एकूण वजन ४० टन, रिकामी गाडी १५ टन, म्हणजे माल २५ टन. ७५ टक्के म्हणजे एकूण ३० टन. रिकामी गाडी १५ चीच राहते, तेव्हा माल उरला १५ टन. रस्त्याची मर्यादा पाव भागाने घटली आणि तुमचा माल ४० टक्क्यांनी. ५० टक्के असेल तर माल फक्त ५ टन! गाडीचं भाडं तेवढंच धरलं तर पहिल्या उदाहरणात प्रत्येक किलोमागे भाडं दोन तृतीयांशाने वाढलं आणि दुसऱ्यात पाचपट झालं.

तात्पुरत्या पुलांचं गणित हेच. पोलादी भाग जोडून झटपट उभारलेल्या बेली पुलावर वजनाची मर्यादा असते आणि बऱ्याचदा एका वेळी एकच गाडी सोडतात. अशा वाटेवर भरलेली एक मोठी गाडी पाठवण्यापेक्षा दोन मध्यम गाड्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. जनरेटर, पाण्याची टाकी, छताच्या तुळया अशा रुंद किंवा लांब वस्तू काम सुरू होण्याआधीच हलवा. एकेरी पट्ट्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे अडथळे लागले की रुंद मालाला परवाना मिळणं अवघड होतं, आणि मग उरते ती सुट्टे भाग करून पाठवण्याची यातायात.

पर्यायी वाटही तपासा

"पर्यायी रस्ता आहे" या वाक्यावर मी विसंबत नाही. न्यूझीलंडमध्ये १४ नोव्हेंबर २०१६ ला कायकोरा इथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, किनाऱ्यालगतचा राज्य महामार्ग १ तुटला आणि पिक्टन ते क्राइस्टचर्च ही वाहतूक आतल्या लुईस खिंडीच्या वाटेने वळवली. सुमारे पाच तासांचा प्रवास सात तासांच्या वर गेला. शिवाय ती वाट इतक्या अवजड गाड्यांसाठी बांधलेलीच नव्हती, त्यामुळे तिच्यावरही दुरुस्तीची, रुंदीकरणाची कामं काढावी लागली. वळण घेतलेल्या गाड्या पुन्हा कामांच्याच रांगेत! मुख्य महामार्ग १५ डिसेंबर २०१७ ला खुला झाला, तोही सुरुवातीला दिवसाउजेडीच. रात्री निघणाऱ्या गाड्यांसाठी "रस्ता सुरू झाला" या बातमीचा अर्थ अजून लागू झालेला नव्हता.

याची दुसरी बाजूही आहे. कॅनडात नोव्हेंबर २०२१ च्या पुरात ब्रिटिश कोलंबियातला कोकिहाला महामार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला. २० डिसेंबर २०२१ ला तो उघडला तेव्हा आधी फक्त व्यावसायिक वाहनांसाठी, आणि इतरांसाठी जानेवारीत. त्यामुळे रस्ता बंद असल्याची सूचना वाचली की थेट विचारा, बंद कोणासाठी? मालवाहू गाड्यांना वेगळी वेळ आहे का, अत्यावश्यक मालाची परवानगी कोण देतं, त्यासाठी कोणता कागद लागतो. औषधं आणि इंधन पाठवणाऱ्यांनी हा कागद काम सुरू होण्याआधीच तयार करून ठेवावा.

ज्वालाग्राही माल असेल तर बोगद्यांची वर्गवारी पाहणं टाळू नका. धोकादायक मालाच्या रस्ता वाहतुकीसाठी असलेल्या युरोपातल्या एडीआर नियमांत बोगद्यांना ए ते ई अशी अक्षरं दिलेली असतात. ए मध्ये बंधन नाही, ई मध्ये सर्वांत जास्त. नव्या बोगद्याने गावाचं अंतर कमी झालं म्हणून तुमच्या गॅस सिलिंडरचंही झालं असं नाही. ते कदाचित जुन्या खिंडीतूनच जातील, आणि त्या खिंडीतला बर्फ पुढच्या वर्षीही काढला जाईल का, हे विचारायला हवं.

कॅलेंडर शेवटाकडून लिहा

हा माझ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

माल कधी निघेल इथून सुरुवात करू नका. माल तिथे पोचण्याचा शेवटचा सुरक्षित दिवस आधी लिहा. बर्फ पडण्याचा नव्हे, त्याच्या आधीचा, जेव्हा एक खेप चुकली तरी दुसरी मिळू शकेल असा. मग मागे या. शेवटच्या टप्प्याचं बार्ज कधी, त्याच्याकडे माल जमा करण्याची अंतिम तारीख कधी, तिथपर्यंतची गाडी कधी, पॅकिंग कधी, खरेदी कधी. कॅनडाच्या नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि त्यांना जोडणारा एकही महामार्ग नाही. अवजड माल उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच जहाजाने जातो. तिथे माल जमा करण्याची तारीख जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी असते. त्या तारखेला चुकलात तर पुढचा उन्हाळा, किंवा विमान.

हंगाम नेहमीइतकाच लांब राहील असंही धरू नका. कॅनडातलाच टिबिट ते कॉन्टवॉयटो हा हिवाळी रस्ता बहुतांश गोठलेल्या तळ्यांवरून जातो, दर वर्षी नव्याने बनवतात आणि साधारण दोन महिने चालतो. तेवढ्यात हिऱ्यांच्या खाणींचं वर्षभराचं इंधन आणि सामान न्यायचं असतं, आणि भरलेल्या गाडीचा वेग बर्फावर ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. २००६ मध्ये हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद करावा लागला आणि उरलेला माल विमानाने न्यावा लागला. कंत्राटदाराची यंत्रं आणि तुमचा माल एकाच आखूड हंगामात अडकले तर कोण मागे राहील हे उघड आहे.

मागे येताना मालाचे तीन ढीग करा. पहिला ढीग, ज्याविना माणसांना त्रास होईल: औषधं, गरम करण्याचं इंधन, पाणी शुद्ध करण्याची रसायनं, यंत्रांचे मोजके सुटे भाग. हा काम सुरू होण्याच्या आधीच्या हंगामात पाठवून तिथेच साठवायचा. साठवणुकीचा खर्च होतो, आणि तो मला नेहमी योग्य वाटतो. दुसरा ढीग टिकाऊ पण जड मालाचा. तो हंगामाच्या अगदी सुरुवातीला लावा, कंत्राटदाराची यंत्रं निघायच्या आत. तिसऱ्यात तारखेचा माल, ज्याला साठवता येत नाही. सिमेंट टिकाऊ वाटतं पण ते या तिसऱ्या ढिगातलं आहे. पोत्यात तीन महिने राहिलं की त्याची ताकद लक्षणीय घटते, आणि दमट गोडाऊनमध्ये त्याहून लवकर. दुर्गम गावात घर बांधणाऱ्या माणसाला सिमेंट वर्षभर आधी मागवायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यापेक्षा कंत्राटदाराच्या सिमेंटच्या गाडीत आपली पोती बसतात का ते विचारा. विचारल्यावर पुष्कळदा बसतात.

विमानाने पाठवायचंच झालं तर

पॅकिंग आधीच विमानाच्या मापाचं करा. जहाजात एक घनमीटर म्हणजे एक टन धरून भाडं लावतात, विमानात एक घनमीटर म्हणजे सुमारे १६७ किलो. त्यामुळे जड आणि आटोपशीर माल जहाजाला सोयीचा आणि विमानाला महाग, तर हलका पण फुगीर माल दोन्हीकडे वजनाऐवजी आकाराने मोजला जातो. खोकी लहान करा, आतली हवा काढा. दुर्गम धावपट्ट्यांवर जाणाऱ्या सेसना कॅराव्हॅनचं मालाचं दार सुमारे सव्वा मीटर रुंद आणि जवळजवळ तितकंच उंच असतं. माणसाच्या उंचीचं पॅलेट त्यातून जात नाही, ते धावपट्टीवर पावसात फोडावं लागतं. पॅलेट १.१ मीटरच्या खाली ठेवलंत तर तोच माल रस्ता, बार्ज आणि विमान तिन्हीकडून जाऊ शकतो.

ट्रान्सपोर्टरकडून काय लिहून घ्यायचं

थांबण्याचे पैसे कोण भरणार हे बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) बनण्याआधी ठरवा. कामाच्या रांगेतला वेळ हॉल्टिंगमध्ये धरणार का, किती तासांनंतर, फेरीबोट चुकली तर मुक्कामाचा खर्च कोणाचा, वजन कमी झाल्यामुळे दुसरी गाडी लागली तर तिचा दर काय. पर्यायी वाटेचा दर आजच लिहून घ्या, कारण रस्ता बंद झाल्यावर तो दर ठरवण्याची तुमची ताकद संपलेली असते.

विम्याबद्दल एक गैरसमज मला वारंवार भेटतो. मालविम्याची सर्वांत व्यापक समजली जाणारी कलमं, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए, यांतसुद्धा उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. उशीर विमा उतरवलेल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. म्हणजे रस्ता बंद पडून भाजी सडली तर नेहमीची पॉलिसी ते भरून देत नाही. देशांमधल्या रस्ता वाहतुकीला सीएमआर करार लागू असेल तर उशिराची भरपाई मिळू शकते, पण ती जास्तीत जास्त भाड्याइतकी, आणि माल ताब्यात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी कळवलं तरच. माल उशिरा आला की गोडाऊनमध्ये ठेवण्याआधी ती चिठ्ठी लिहायची सवय लावून घ्या.

परतीच्या गाड्या

मोठ्या कामामुळे दुर्गम भागाचं भलंही होतं, आणि ते घेणारे फार थोडे असतात. बांधकामाचा माल एकाच दिशेने जातो. परतताना तेच ट्रेलर, तीच बार्ज रिकामी असतात, आणि रिकामी गाडी परत आणण्यापेक्षा कमी भाड्यात माल आणणं ट्रान्सपोर्टरला परवडतं. तिथून लोकर, मासे, लाकूड, भंगार, वापरून झालेली बॅटरी बाहेर पाठवणाऱ्यांनी कामाच्या वर्षांत कंत्राटदाराच्या वाहतूक विभागाशी बोलून परतीची जागा मागावी. वर्षानुवर्षं साठलेलं भंगार गावाबाहेर काढायला अशी संधी क्वचित मिळते. बॅटरी आणि तेलाचे डबे मात्र धोकादायक मालाच्या नियमांनीच बांधा, नाहीतर पहिल्याच फेरीबोटीवर ते उतरवतील.

काही कामं मागे कायमची सोय ठेवून जातात. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर विमानतळ बांधताना कंत्राटदाराने स्वतःचं मालवाहू जहाज आणलं, आणि त्याच प्रकल्पातून रूपर्ट्स उपसागरात धक्काही झाला. निविदेत तात्पुरती बांधकामं दिसली, तर काम संपल्यावर ती कोणाकडे जाणार हे स्थानिक मंडळींनी सुरुवातीलाच विचारावं, कारण शेवटी विचारेपर्यंत ती मोडून नेलेली असतात.

काम पूर्ण झाल्यावरचं पहिलं वर्ष

त्याच सेंट हेलेनाचं पुढचं ऐका. विमानतळ २०१६ मध्ये उभा राहिला, पण धावपट्टीवरच्या वाऱ्याच्या झोतांमुळे नियमित विमानसेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. बेटाचं जुनं जहाज निवृत्त व्हायचं ठरलेलं होतं, ते फेब्रुवारी २०१८ पर्यंत चालू ठेवावं लागलं. नंतरही अवजड मालासाठी वेगळं मालवाहू जहाज लागलंच. तुमच्या नियोजनात नवी वाट तिच्यावरून तुमचा स्वतःचा माल एकदा नीट पोचल्यावरच धरा, आणि तोवर जुन्या जहाजाचं किंवा ट्रान्सपोर्टरचं थोडं बुकिंग चालू ठेवा. सगळ्यांनी एकदम सोडलं तर ती सेवा बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही.

नव्या रस्त्याच्या दोन्ही टोकांपलीकडे काय आहे तेही पाहा. कॅनडाच्या उत्तरेला इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे १३८ किलोमीटरचा बारमाही रस्ता १५ नोव्हेंबर २०१७ ला खुला झाला. खालची कायम गोठलेली जमीन वितळू नये म्हणून त्याचा भराव मुख्यतः हिवाळ्यातच घातला होता. तो झाल्यावर टुक्टोयाक्टुक वर्षभर इनुविकला जोडलं गेलं. पण इनुविकला दक्षिणेकडून येणारा माल डेम्पस्टर महामार्गावर पील आणि मॅकेंझी या दोन नद्या ओलांडून येतो, उन्हाळ्यात फेरीबोटीने आणि हिवाळ्यात बर्फावरून. नदी गोठताना आणि बर्फ फुटताना काही आठवडे यांपैकी काहीच चालत नाही. अशा जागी नवा रस्ता झाला तरी वर्षातून दोनदा येणाऱ्या त्या आठवड्यांचा साठा यादीत तसाच ठेवा, औषधं आणि इंधन सर्वांत वर.